रोजची जळजळ आणि महिन्याचे साडेसहाशे

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलंय, मुलाच्या वहीची चार पानं फाडून लिहिलेलं. सगळं छापणं शक्य नाही म्हणून थोडक्यात सांगते. वय 41, चार घरी पोळीभाजीची कामं, मिस्टर रिक्षा चालवतात, दोन मुलं, दहा बाय बाराची खोली. तीन वर्षं झाली छातीत जळजळ होते, रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, सकाळी आवाज बसलेला असतो. मेडिकलमधून कॅप्सूल आणतात, रोज एक, त्यावर गुलाबी सिरप, आणि फारच झालं की इनो. सगळं मिळून महिन्याला साडेसहाशे जातात. जवळच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघायची तपासणी, करून घ्या म्हणून सांगितलं, बाहेर चौकशी केली तर सहा हजार. "एवढे पैसे आणायचे कुठून, म्हणून मी विषयच सोडून दिला, पण आता रात्री जाग आली की भीती वाटते, ताई काय करू."

ताई, पत्र दोनदा वाचलं. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते, पण अकरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी होते आणि अ‍ॅसिडिटीची औषधं किती विकली त्याला गणती नाही, त्यामुळे तुमच्यासारखं माणूस पट्टी मागायला येतं तेव्हा त्याला काय सांगितलं जात नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तुमचे साडेसहाशे जातायत ते बहुतेक चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या औषधावर जातायत, आणि ज्याने खरा फरक पडेल त्यातलं बरंचसं फुकट आहे, ते कुणी समजावून सांगितलं नाही एवढंच.

आधी भीतीचं बोलू. अन्न गिळताना अडकतं का, वजन आपोआप उतरतंय का, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतं का, यातलं काहीच पत्रात नाही, तुम्ही जेवता व्यवस्थित, वजन उलट वाढलंय असं लिहिलंय, म्हणजे आज रात्रीच धावायला हवं असं काही दिसत नाही. पण यातलं एक जरी सुरू झालं तर मग पैशाचा विचार करत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि अजून एक, हे मी प्रत्येकाला सांगते. काउंटरवर असताना एकदा सकाळी एक काका आले, शर्ट घामाने चिकटलेला, छातीवर हात, म्हणाले पोरी अ‍ॅसिडिटीची गोळी दे जरा, रात्रीचं वांगं बाधलं. मी गोळी काढायला वळलेसुद्धा होते. शेटनी बघितलं आणि काकांना तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, हार्ट अ‍ॅटॅक होता. वाचले ते. मी त्या दिवशी एकटी असते तर गोळी देऊन दोन रुपये सुट्टे परत केले असते, हे माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून सांगते, नेहमीची जळजळ तुम्हाला ओळखीची आहे, पण वेगळंच दुखलं, दाब आल्यासारखं, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम, चालताना वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं, तर इनो फोडत बसू नका, 108 लावा. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये तर ते नुसतं पोटात मळमळल्यासारखंही वाटू शकतं.

आता तुमचं. पोट आणि अन्ननलिका जिथे मिळतात तिथे एक गोल स्नायू असतो, बटव्याच्या नाडीसारखा. अन्न खाली गेलं की नाडी ओढली जाते. तुमची ती नाडी सैल पडतेय, म्हणून पोटातलं अ‍ॅसिड वर येतं. पोटाला त्या अ‍ॅसिडची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून ती भाजते. सासूबाई म्हणतात तसं "पित्त वाढलंय" म्हणा हवं तर, शब्दावर माझा वाद नाही, पण त्या जे सांगतात ना की सकाळी मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालून पित्त काढून टाक, ते मात्र आजपासून बंद करा. आपल्याकडे घराघरात करतात, मला माहितेय, आणि उलटी झाल्यावर तासभर हलकं वाटतं हेही खरं आहे, पण त्यात तेच अ‍ॅसिड आधीच भाजलेल्या नळीतून जोराने वर येतं, घसा आणि दात दोन्ही खराब होतात. सासूबाईंना माझं नाव सांगा.

गोळीबद्दल नीट वाचा कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातायत. तुम्ही लिहिलंय की रात्री जेवल्यावर कॅप्सूल घेते. ती तशी घेतली तर अर्धी वाया जाते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीची औषधं पोटातले अ‍ॅसिड बनवणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणाबरोबर सुरू होतात, म्हणून गोळी त्याच्या आधी रक्तात पोचलेली हवी. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्ध्या ते एक तासाने खायचं. तुम्ही साडेपाचला उठता, पाणी भरायच्या आधी घ्या, साडेसहाला चहाबरोबर काहीतरी खा, झालं. आणि तिचा गुण यायला तीन-चार दिवस लागतात, ती जळजळ उठल्यावर घ्यायची गोळीच नाही, त्यामुळे एक दिवस घेतली दोन दिवस नाही असं केलं की काहीच हाती लागत नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' लिहिलंय. तो डी म्हणजे डॉम्पेरिडोन, उलटी-मळमळीचं औषध. हे जोडीचं औषध आपल्याकडे इतकं सर्रास खपतं की लोकांना ते साधं पित्ताचंच वाटतं. युरोपात 2014 साली औषधांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने सांगितलं की डॉम्पेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी द्या आणि साधारण आठवड्याच्या वर देऊ नका, कारण काही लोकांत हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यात काही अँटिबायोटिक बरोबर घेतली तर धोका अजून वाढतो. आणि तुम्ही तीन वर्षं रोज घेताय, कुणी लिहून न देता. घाबरवत नाहीये, पण डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा की मला हा डी लागतो का. बहुतेक वेळा साधी गोळी पुरते आणि ती स्वस्तही असते.

सासूबाईंच्या डब्यातली जुनी रॅनिटिडीनची पट्टी, तीही अ‍ॅसिडिटीचीच गोळी, अधूनमधून घेता म्हणालात, तीही टाकून द्या. त्या औषधात कॅन्सरचा संशय असलेलं एक द्रव्य सापडलं म्हणून अमेरिकेत ते 2020 ला बाजारातून काढायला लावलं, आणि आपल्याकडे 2022 साली अत्यावश्यक औषधांच्या सरकारी यादीतून वगळलं.

पण हे वाचून कॅप्सूल उद्यापासून एकदम बंद करू नका हां. इतके दिवस घेतल्यावर झटकन थांबवलं की दाबून ठेवलेलं अ‍ॅसिड उसळी मारतं, काही दिवस पहिल्यापेक्षा जास्त जळतं, मग माणूस म्हणतं बघा मला गोळीशिवाय होतच नाही. ती हळूहळू उतरवायची असते, एक दिवसाआड वगैरे, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. अजून एक गोष्ट, पत्राच्या शेवटच्या पानावर जाता जाता लिहिलंत की पायाला मुंग्या येतात आणि थकवा फार असतो. ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की काहीजणांचं व्हिटॅमिन बी-12 कमी होतं, मुंग्यांचं एक कारण ते असू शकतं, शुगरही असू शकते. दोन्ही साध्या रक्ततपासण्या आहेत, आठवणीने सांगा.

इनोचं म्हणाल तर तो खायचा सोडाच आहे, फसफसतो, ढेकर येतो, थोडा वेळ बरं वाटतं. पण त्यात सोडियम भरपूर असतं, महिन्यातून एखाद वेळी ठीक, आठवड्यातून दोनदा नको, घरात कुणाला बीपी असेल तर त्यांना तर देऊच नका. सिरपही तात्पुरतंच. गार दुधानेही तसंच होतं, पिताना थंड वाटतं आणि मग पोट अजून अ‍ॅसिड सोडतं.

आता पैसे. जनऔषधी केंद्र म्हणून सरकारी योजनेतली दुकानं आहेत, तिथे हीच औषधं ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, पॅन्टोप्राझोल 40 वगैरे, ब्रँडचं नाव सांगू नका. पण त्याही आधी फुकटचा डॉक्टर गाठा. 2022 पासून महापालिकेने वस्त्यावस्त्यांत आपला दवाखाना सुरू केलेत, तिथे तपासणी आणि साधी औषधं फुकट मिळतात, आणि संध्याकाळीही उघडे असतात म्हणजे तुमचा खाडा होणार नाही. शेजारच्या बायकांना विचारा, जवळचा कुठे आहे ते त्यांना माहीत असतं.

एंडोस्कोपी सगळ्यांनाच लागते असं नाही. साधारण अशी रीत आहे की गोळी नीट, उपाशीपोटी, सलग आठ आठवडे घेऊन बघायची, आणि त्याने थांबलं नाही किंवा थांबवल्यावर परत आलं की मग आत बघायचं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चूक नाही, तीन वर्षं फार झाली, पण त्यासाठी सहा हजार मोजायची गरज नाही. भांडुपहून स्लो लोकलने थेट सायनला उतरा, लोकमान्य टिळक हॉस्पिटल स्टेशनपासून जवळ आहे, किंवा परळला उतरून केईएम. दोन्हीकडे पोटाच्या विकारांचा वेगळा विभाग आहे आणि खर्च बाहेरच्या मानाने अगदीच कमी. जवळ हवं तर आधी घाटकोपरच्या राजावाडी हॉस्पिटलला दाखवून तिथून चिठ्ठी घ्या. त्या विभागाची ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी विचारून जा, नाहीतर एक दिवसाची हजेरी फुकट जाते. सकाळी लवकर पोचा, केसपेपरची लाइन मोठी असते. आणि तेवढेही जमत नसतील तर या हॉस्पिटलांत समाजसेवा विभाग असतो, तिथे रेशनकार्ड घेऊन जाऊन सांगायचं, त्यात लाजायचं काही नाही, तो विभाग त्याचसाठी आहे. तपासणीची भीती असेल तर सांगते, उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करायचा फवारा मारतात, बारीक नळी, काही मिनिटांचं काम, ओकारी येते पण दुखत नाही फारसं. मी केलीये.

आता घरातलं, यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

रात्रीचं जेवण. मिस्टर साडेदहाला येतात, त्यांच्याशिवाय जेवत नाही, अकराला अंथरूण. ताई, भरलेलं पोट आणि सैल नाडी घेऊन आडवं झालं तर ते वर येणारच, पाण्याची कळशी आडवी केल्यासारखं आहे ते. जेवण आणि झोप यात तीन तास हवेत, निदान अडीच. मुलांबरोबर आठला जेवून घ्या आणि ते आले की त्यांना वाढून शेजारी बसा, गप्पा मारा, बरोबर बसणं महत्त्वाचं, घास एकाच वेळी तोंडात जायला पाहिजे असं काही नाही. एकदा मोकळेपणाने सांगून बघा, रात्री तुम्ही खोकत उठता तेव्हा तेही जागे होतातच ना.

संकष्टीचं मुद्दाम विचारते, करता का? आमच्या घरी कडक असायची. दिवसभर चहावर काढायचा, चंद्रोदय नऊ-साडेनऊला, मग नैवेद्य, मग मोदक, बटाट्याची भाजी, पुऱ्या, आणि लगेच झोप. दुसऱ्या दिवशी आई भिंतीला टेकून बसलेली असायची. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण दिवसभर केळं, ताक, राजगिऱ्याचा लाडू असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या, चंद्र बघून वरणभात एवढंच खा, आणि मोदक सकाळी. बाप्पा समजून घेतो.

झोपायचं. दोन-तीन उश्या घेऊन बघितल्या काही फरक नाही असं लिहिलंत, नसणारच, कारण उश्यांनी फक्त मान वाकते आणि पोट दुमडून उलट दाब येतो. कमरेपासून वरचं सगळं अंग उतारावर हवं. पलंग असता तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा म्हटलं असतं, तुम्ही खाली झोपता, तर असं करा. कुठे ना कुठे बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम चालू असतंच, तिथल्या सुताराकडे प्लायचा जुना तुकडा मागा, तीन फूट लांब, दोन-अडीच फूट रुंद, जाडसर. भिंतीला लागून दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन विटा एकावर एक ठेवा, एक वीट तीन इंचाची धरली तर सहा इंच उंची झाली, त्यावर प्लायचं एक टोक, दुसरं टोक जमिनीवर, तिथे खाली जुनं पोतं घाला म्हणजे सरकत नाही. वर गोधडीच्या दोन घड्या. कंबर जिथे प्लाय जमिनीला टेकतो तिथे आली पाहिजे, डोकं भिंतीकडे. सकाळी प्लाय कपाटामागे उभा, विटा मोरीत. पहिले तीन-चार दिवस घसरल्यासारखं वाटेल, नंतर सवय होते. आणि डाव्या कुशीवर झोपा. पोटाची ठेवण अशी आहे की डावीकडे वळलं की ते अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि अ‍ॅसिड वर यायला चढ लागतो, उजवीकडे उलटं होतं. आईला मी हेच करून दिलं होतं आणि दुसऱ्या आठवड्यात ती सलग झोपली, मी रात्री उठून श्वास चालू आहे ना बघून आले होते.

चहा. पहाटे एक रिकाम्या पोटी आणि मग चारही घरी एकेक, म्हणजे पाच, आणि पहिला घास अकराला. नाही कसं म्हणू असं वाटतं, मालकीणबाई प्रेमाने देतात. "ताई, पित्ताचा त्रास आहे, चहा नको, असेल तर एखादी पोळी द्या" असं म्हणून बघा, पोळ्या तुम्हीच लाटताय. दोन चहांवर या, दोन्ही काहीतरी खाल्ल्यावर. पर्समध्ये केळं किंवा चुरमुरे ठेवा.

मिश्री लावता हे खरं खरं लिहिलंत, त्याबद्दल मला तुमचं खूप कौतुक वाटलं, बहुतेकजणी लपवतात. तंबाखूने ती नाडी अजून सैल होते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. सकाळची एकच वेळ आधी सोडा, मग दुपारची. एकदम नाही सुटणार, पण महापालिकेच्या दवाखान्यात तेही सांगा, मदत करतात.

आणि कंबरदुखीची गोळी! तीही मेडिकलमधूनच आणता आणि उपाशीपोटी घेता. बऱ्याचशा दुखण्याच्या गोळ्या पोटाचं अस्तर खरवडतात, अल्सर होऊ शकतो, आणि मग आपण त्या आगीवर पित्ताची गोळी ओतत बसतो. डॉक्टरांना दाखवेपर्यंत फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल पोटाला सोसते. गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा, विसरू नका.

खाण्याचं मी फार सांगत नाही. यादी काढली तर मुंबईत जगणंच बंद व्हायचं, आणि एकाला टोमॅटो बाधतो तर दुसऱ्याला काहीच होत नाही. तळलेलं, खूप तिखट आणि एकदम भरपूर, हे बहुतेकांना बाधतं, पुदिन्याने बरं वाटतं असा समज आहे पण त्यानेही नाडी सैल होते. कोकम कुणाला चालतं कुणाला नाही. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर दोन आठवडे लिहा, काय खाल्लं, किती वाजता, कधी जळलं, तुमचा शत्रू कोण ते तुम्हालाच दिसेल. फक्त तेवढं कमी करा. भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, भात हे स्वस्तही आहे आणि शांतही. अ‍ॅलोव्हेराचा ज्यूस वगैरे शेजारच्या ताई विकतायत ना, नका घेऊ. सलवारची नाडी जरा सैल बांधा आणि जेवल्यावर लगेच वाकून लादी पुसू नका. वजनाचं, तीन-चार किलो उतरलं तरी पोटावरचा दाब कमी होतो, रात्रीचं जेवण लवकर झालं की तेही आपोआप थोडं होईल.

तर या रविवारी प्लायचं बघा आणि मिस्टरांशी बोला. सोमवारी संध्याकाळी आपला दवाखाना. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, कॅप्सूलची, कंबरेची, सासूबाईंची, सिरपची बाटली, एका पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओता, तोंडाने सांगताना आपण निम्मं विसरतो. वहीचं मागचं पानही दाखवा. आणि सायनचा वार कळला की मला दोन ओळी टाका, बी-12 चं काय आलं तेही लिहा.